मनगट मोडलं, डेक्सात मणक्याचा टी-स्कोअर उणे २.६ आलाय, नुसत्या खाण्यापिण्याने हाडं सुधारतील का?

शरयू_५३

नमस्कार मैत्रिणींनो, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलंय जरा पण पूर्ण वाचा प्लीज. वय ५३, पाळी जाऊन साडेचार वर्षं झाली, वजन ५६. दोन महिन्यांपूर्वी घरातच ओल्या फरशीवर पाय घसरला, कुठे उंचावरून वगैरे नाही, उभ्या उभ्या पडले, हात टेकवला आणि मनगटात कट्कन आवाज आला. सहा आठवडे प्लास्टर. ते काढताना डॉक्टर म्हणाले एवढ्याशा पडण्याने या वयात हाड मोडायला नको होतं, डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी करून घ्या. केली. टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेतला आकडा, मणका उणे २.६, खुबा उणे १.९. मणक्याच्या आकड्यावरून ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालीत, म्हणतात म्हणे. पोटात गोळाच आला, कारण माझी आई खुबा मोडल्यावर परत उठलीच नाही, चार वर्षं अंथरुणावर होती, तिचं सगळं मीच केलंय.

व्हिटॅमिन डी ११ आलंय, म्हणजे कमी. रक्तातलं कॅल्शियम मात्र एकदम नॉर्मल. मग रक्तात आहे तर हाडात कमी कसं हे मला कळत नाहीये.

डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची हाडांची गोळी (अ‍ॅलेन्ड्रोनेट), डी चा आठवड्याचा डोस आणि कॅल्शियम चालू ठेवा असं सांगितलंय. ती आठवड्याची गोळी घ्यायची हिंमत होत नाहीये, जबड्याचं काहीतरी होतं असं वाचलं आणि तेव्हापासून झोप नाही. मला शक्यतो आहारावरच करायचंय.

आणि खरं सांगू, मी काही वाईट खाणारी नाही हो. दोन वेळा दुधाचा चहा, रोज वाटीभर दही, रोज १० बदाम भिजवून, आठवड्यातून चारदा तरी पालक. आईचं बघून तीन वर्षांपासून कॅल्शियमची गोळीही स्वतःहून घेतेय, एक दिवस चुकवली नाही. सकाळी उठल्या उठल्या थायरॉईडची, अ‍ॅसिडिटीची आणि कॅल्शियमची अशा तिन्ही एका घोटात घेऊन मोकळी होते म्हणजे विसरायला नको. एवढं करून हे का झालं? मुलगी २० वर्षांची आहे, तिच्यासाठीही काय करायचं ते सांगा.


प्राची_आहारतज्ज्ञ

शरयूताई, आधी तुमचा गोंधळ दूर करते. रक्तातलं कॅल्शियम शरीर काहीही करून सांभाळतं, हृदयाचे ठोके आणि स्नायू त्याच्यावर चालतात ना. खाण्यातून कमी आलं की पॅराथायरॉईड हार्मोन वाढतं आणि हाडातून काढून रक्तात आणून टाकतं. अंगातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडात आणि दातात असतं, तिथून थोडं थोडं वर्षानुवर्षं गेलं तरी रक्ताचा रिपोर्ट छानच येतो. त्यामुळे नॉर्मल रिपोर्टवरून हाडांचं काहीच कळत नाही, आणि किती जणी त्या एका आकड्यावर निर्धास्त राहतात हे रोज बघते म्हणून जीव तुटतो. त्यात पाळी गेली की इस्ट्रोजेनचा आधार जातो, पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची झीज सगळ्यात जोरात असते, काहींची २० टक्क्यांपर्यंत जाते. तुम्ही नेमक्या त्याच काळात आहात.

आता तुमचं ताट मोजू या. चहात दूध किती पडतं? कपात फार तर ५० मिली, म्हणजे दोन कपांत १०० मिली, त्याचे १२० मिग्रॅ कॅल्शियम. वाटीभर दह्याचे धरा १३०. दहा बदाम म्हणजे १२ ग्रॅमच्या आसपास, त्याचे जेमतेम ३०. धान्य, डाळी, इतर भाज्या मिळून १५० वगैरे. झाले ४३०. पालकाचं मुद्दाम वेगळं सांगते, कारण इथेच बहुतेक जणी फसतात. कागदावर पालकात कॅल्शियम भरपूर आहे पण त्यातलं ऑक्झलेट त्याला घट्ट धरून ठेवतं, अंगी लागतं फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. दुधातलं ३० टक्क्यांच्या आसपास लागतं. पालक खा, त्यातलं व्हिटॅमिन के आणि फोलेट चांगलंच आहे, पण कॅल्शियमच्या हिशोबात धरू नका. कोबी, ब्रोकोली, केल या भाज्यांत ऑक्झलेट कमी असतं त्यामुळे त्यांचं कॅल्शियम उत्तम शोषलं जातं. तिळाचंही असंच, न सोललेल्या तिळात आकडा मोठा दिसतो पण बरंचसं सालीत असतं आणि सालीतच ऑक्झलेट पण असतं.

पन्नाशीनंतर बाईला दिवसाला १२०० मिग्रॅ हवं असं अमेरिकेतली शिफारस सांगते, ब्रिटनची ७०० वरच थांबते. कुठलीही धरली तरी तुम्ही कमीच आहात.

मग करायचं काय, तर पाव लिटर दूध चहा सोडून वेगळं प्यायचं, त्याचे ३००. दही एकाऐवजी दोन वेळा आणि वाटी मोठी. चीज चालत असेल तर ३० ग्रॅमचा तुकडा म्हणजे २०० च्या आसपास. दूध पचत नसेल तर दही बहुतेकांना चालतं, नाहीतर कॅल्शियम घालून केलेलं सोया दूध, कॅल्शियम सल्फेटने जमवलेला टोफू, काट्यासकट खायचे छोटे मासे. हे सगळं एका जेवणात कोंबू नका, एका वेळी ५०० मिग्रॅच्या वर गेलं की शोषण घटत जातं, म्हणून सकाळ-दुपार-रात्र असं वाटून. एवढं करून जे कमी पडेल तेवढ्यापुरतीच गोळी.

आणि ताई, प्रोटीन! तुमच्या यादीत मला ते दिसलंच नाही. हाडाचा सांगाडा कोलॅजनचा म्हणजे प्रोटीनचाच असतो, कॅल्शियम त्याच्यावर बसतं. ५६ किलोला दिवसाला निदान ५६ ते ६५ ग्रॅम हवं. अंडी, मासे, डाळी, सोयाबीन, पनीर, दही यातून प्रत्येक जेवणात काहीतरी आलंच पाहिजे. नुसता चहा-टोस्ट खाऊन संध्याकाळ काढायची नाही. मीठही जपून, जास्त मिठाबरोबर लघवीतून कॅल्शियम जातं.


निशा_टी

शरयूताई ती सकाळची तीन गोळ्यांची सवय आजच्या आज बंद करा!! मी पण थायरॉईडवाली, माझंही हेच झालेलं. कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीला पोटातच बांधून ठेवतं, दोन्हीत किमान ४ तासांचं अंतर लागतं. लोहाची गोळी असेल तर तिलाही हेच, आणि लोह आणि कॅल्शियम एकमेकांपासूनही लांब.

दुसरं, पाकीट बघा, कॅल्शियम कार्बोनेट लिहिलंय का? असेल तर ते पचायला पोटात अ‍ॅसिड लागतं, म्हणून जेवणासोबत घ्यायचं असतं. तुम्ही उपाशीपोटी घेता आणि वर अ‍ॅसिड कमी करणारी गोळीही घेता, म्हणजे तीन वर्षं त्यातलं किती लागलं असेल देव जाणे. सिट्रेट असेल तर ते उपाशीपोटीही चालतं आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळीबरोबरही, फक्त एका गोळीत कॅल्शियम कमी बसतं, कार्बोनेटमध्ये ४० टक्के आणि सिट्रेटमध्ये २१. पाकिटावर एलिमेंटल म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम किती ते वाचायचं, मोठ्या अक्षरातला आकडा नाही. अ‍ॅसिडिटीची गोळी स्वतःच्या मनाने वर्षानुवर्षं चालू असेल तर तेही डॉक्टरांना विचारा खरंच लागते का.

सगळ्यात महत्त्वाचं, तुमचा थायरॉईडचा डोस मधल्या काळात वाढवलाय का?


शरयू_५३

निशा, वाचून हात थरथरला माझा. हो, दोनदा वाढवलाय. प्रत्येक वेळी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी, थायरॉईड कमी पडलं की हा वाढतो) वाढलेला यायचा, डॉक्टर विचारायचे गोळी चुकवता का, मी शपथेवर सांगायचे नाही म्हणून. कॅल्शियम घेते हे सांगावं असं सुचलंच नाही, ते औषध आहे असं मनातच नव्हतं. पाकीट बघितलं, कार्बोनेटच आहे, १२५० लिहिलंय मोठं आणि खाली बारीक अक्षरात ५०० एलिमेंटल.


निशा_टी

मग अजून एक, अंतर ठेवायला लागलात की थायरॉईडची गोळी आता पूर्ण लागायला लागेल आणि वाढवलेला डोस जास्त होऊ शकतो. आणि थायरॉईड हार्मोन जास्त झालं की तेच हाडं झिजवतं! माझा टीएसएच असाच एकदम खाली गेला होता, छातीत धडधड व्हायला लागली तेव्हा कळलं. म्हणून डॉक्टरांना हे सगळं सांगून ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच परत करा. डोस मनाने कमी करू नका.


सुलभा_काकू

शरयू, तुझं डी ११ आहे म्हणून लिहिते, कारण आमच्या घरात यावरून जिवावर बेतलं होतं. माझ्या जाऊबाईंचंही डी कमी आलं, आठवड्यातून एकदा घ्यायचा मोठा डोस दिला, चिठ्ठीवर गिचमिड लिहिलेलं, औषध देणाऱ्याने रोज एक सांगितलं, त्यांनी रोज घेतलं, अडीच महिने. आधी भूक गेली, मग मळमळ, बद्धकोष्ठ, रात्रीत सहा-सात वेळा लघवीला उठायच्या आणि घशाला सारखी कोरड. आम्हाला वाटलं साखर वाढली. एके दिवशी सकाळी मला माझ्या सासूबाई समजून बोलायला लागल्या तेव्हा उचलून दवाखान्यात नेलं. रक्तातलं कॅल्शियम १३.४ होतं, किडनीवर ताण आलेला. सलाइन लावून नऊ दिवस ठेवलं, बऱ्या झाल्या. डी चरबीत साठून राहतं, पाण्यात विरघळणाऱ्या व्हिटॅमिनसारखं लघवीवाटे निघून जात नाही. म्हणून आठवड्याचा म्हणजे आठवड्याचाच, कॅलेंडरवर वाराला गोल करून ठेव, आणि ८ आठवडे सांगितले असतील तर ८ नंतर थांबून परत डॉक्टरांना विचार. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोजचं ४००० युनिटच्या वर जायचं नाही हे मी तेव्हापासून पाठ करून ठेवलंय.

पण म्हणून घाबरून घेऊ नको असंही करू नकोस. डी शिवाय खाल्लेल्या कॅल्शियमपैकी जेमतेम १० ते १५ टक्के शोषलं जातं, डी पुरेसं असलं की ३० ते ४०. तू तीन वर्षं गोळ्या घेतल्यास आणि डी एकदाही तपासलं नाहीस, तिथेच पाणी मुरलं. खाण्यातून डी फार कमी मिळतं, तेलकट मासे, अंड्याचा पिवळा बलक, डी घातलेलं दूध, बस एवढंच. ऊन खिडकीच्या काचेतून घेऊन उपयोग नाही, डी तयार करणारे किरण काच अडवते. हातपाय उघडे ठेवून उघड्यावर बसायला हवं, आणि वय वाढलं की कातडीची डी बनवायची ताकदही कमी होते.


विनायक_र

माफ करा, मध्येच बोलतोय. बायकोसाठी मीही हे सगळं वाचून काढलंय आणि मला तर उलटंच दिसलं. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमध्ये ३६,२८२ बायकांना घेऊन कॅल्शियम आणि डी ची चाचणी झाली, २००६ मध्ये निकाल आला, खुब्याची घनता जेमतेम १ टक्का जास्त निघाली, खुब्याची फ्रॅक्चर ठोस म्हणता येईल अशी कमी झाली नाहीत आणि मुतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले. २०२२ मध्ये व्हायटल नावाच्या चाचणीचा निकाल आला, २५,८७१ लोक, रोज २००० युनिट डी, फ्रॅक्चरमध्ये फरक शून्य. मग एवढा खटाटोप कशासाठी? माझ्या मनात खरंच शंका आहे, वाद घालायचा नाहीये.


प्राची_आहारतज्ज्ञ

विनायकदादा, चांगलं विचारलंत, हे आकडे खरे आहेत आणि लपवायचं काही कारण नाही. पण चाचणीत कोण होतं ते बघा. व्हायटलमध्ये डी कमी आहे म्हणून निवडलेली माणसं नव्हती, बहुतेकांचं आधीच पुरेसं होतं. भरलेल्या घागरीत अजून पाणी ओतून काय होणार. अमेरिकेतल्या त्या बायकाही खाण्यातून बऱ्यापैकी कॅल्शियम घेतच होत्या. याउलट १९९२ मध्ये फ्रान्समध्ये वृद्धाश्रमातल्या ३,२७० बायकांवर चाचणी झाली, सरासरी वय ८४, ऊन नाही, डी अगदी कमी, त्यांना १२०० मिग्रॅ कॅल्शियम आणि ८०० युनिट डी रोज दिलं तर खुब्याची फ्रॅक्चर ४३ टक्क्यांनी कमी झाली. शरयूताईंचं डी ११ आहे, त्या या दुसऱ्या गटाच्या जवळच्या.

आणि मला सगळ्यात आवडणारी चाचणी ऑस्ट्रेलियातली, २०२१ ची. ६० वृद्ध निवासांमध्ये ७,१९५ जण होते, गोळ्या वाढवल्याच नाहीत, निम्म्या ठिकाणी फक्त जेवणात दूध, दही, चीज वाढवलं. कॅल्शियम रोजचं ७०० वरून ११४२ मिग्रॅवर गेलं आणि प्रोटीन किलोमागे १.१ ग्रॅम झालं. एकूण फ्रॅक्चर ३३ टक्के कमी, खुब्याची ४६ टक्के कमी, पडणंही कमी झालं. म्हणून मी गोळीच्या आधी ताटाकडे बघते. आणि सुलभाकाकू म्हणाल्या ते एकदम खरं, २०१० मध्ये सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट डी देऊन बघितलं होतं, तर त्या जास्त पडल्या आणि हाडंही जास्त मोडली.


रोहिणी_के

मी तीन वर्षं अ‍ॅलेन्ड्रोनेट घेतलंय म्हणून शरयूताईंच्या मूळ प्रश्नाचं लिहिते, ते बाजूलाच राहिलं. नुसत्या आहाराने होईल का, तर माझ्या बाबतीत नाही झालं. मीही एक वर्ष हट्टाने गोळी टाळली, खाणं अगदी चोख ठेवलं, आणि पुढच्या डेक्सात मणका उणे २.७ चा उणे २.९ झाला. मग सुरू केली, दोन वर्षांनी उणे २.४. आहार हा विटा-वाळूसारखा आहे, तो नसेल तर गोळी तरी कशाने बांधणार, पण हाड एकदा मोडलेलं असताना नुसत्या विटा आणून ठेवून भागत नाही. डॉक्टरही कॅल्शियम आणि डी भरून काढूनच ती गोळी सुरू करतात.

जबड्याची भीती मलाही होती. हाडांसाठी जो डोस देतात त्यात ते फार क्वचित होतं, बहुतेक केसेस कॅन्सरमध्ये शिरेतून देतात त्या मोठ्या डोसच्या असतात. मी आधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन एक दाढ काढायची होती ती काढून घेतली, मग गोळी सुरू केली. घ्यायची पद्धत पाळा मात्र. सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, चहा-कॉफी-दूध काही नाही, आणि नंतर अर्धा तास ताठ बसायचं किंवा उभं राहायचं, आडवं झालं तर अन्ननलिकेला जखम होते. आणि ताई, तुम्हाला अ‍ॅसिडिटी आहे, अन्ननलिकेचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं औषधही असतं.

चालणं चालू ठेवा पण चालण्याने मणक्याला फारसं मिळत नाही, फिजिओथेरपिस्टकडून वजनाचे व्यायाम शिकून घ्या. पुढे वाकून जड बादली उचलायची नाही, कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं. आणि ओली फरशी! घरात पायाला घट्ट बसणारी चप्पल घाला.


प्राची_आहारतज्ज्ञ

मुलीचं राहिलं. शरयूताई, मुलींची हाडं विशी संपेपर्यंत भरत असतात, बराचसा साठा अठराच्या आतच झालेला असतो, त्यानंतरचं वाढणं थोडंच. तिला रोज १००० मिग्रॅ कॅल्शियम, पोटभर प्रोटीन, उड्या-धावणं-वजन उचलणं. पण एक गोष्ट तिला जवळ बसवून विचारा, पाळी नियमित येते का. कडक डाएट करून किंवा खूप व्यायाम करून तीन-तीन महिने पाळी बंद असेल तर तिचंही इस्ट्रोजेन कमी झालेलं असतं, आणि हाड भरायच्या वयातच झिजायला लागतं. मुली हे आईला सांगत नाहीत, उलट कटकट गेली म्हणून खूष असतात.


शरयू_५३

दोन आठवड्यांनी परत येतेय, सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांकडे तुमचे सगळे मुद्दे वहीत लिहून घेऊन गेले. थायरॉईड आता एकटीच पहाटे, साध्या पाण्याबरोबर. अ‍ॅसिडिटीची हळूहळू कमी करायची म्हणाले, तोपर्यंत कॅल्शियम सिट्रेट करून दिलं, रात्रीच्या जेवणानंतर एकच. दूध दुपारी वेगळं पितेय, पाव लिटरच्या खुणेचा ग्लासच काढून ठेवलाय. पहिल्यांदा त्यात दूध ओतलं तेव्हा कळलं की आजवर मी ज्याला दूध पिते म्हणायचे ते याच्या निम्मंही नव्हतं. रोज सकाळी दोन अंडी. डी चे दोन डोस झाले, कॅलेंडरवर गुरुवारला लाल गोल आहे सुलभाकाकू. दातांची तपासणी सोमवारी, मग रोहिणीताईंनी सांगितलं तशी अ‍ॅलेन्ड्रोनेट सुरू करणार आहे.

मुलीला विचारलं. चार महिने झालेत पाळी येऊन. मला माहीतच नव्हतं. परवा तिची अपॉइंटमेंट घेतलीये. प्राची, तिला दूध अजिबात आवडत नाही, दहीही नाही, अंडी आणि टोफू खाते, तिचं ताट कसं मांडू ते सांगशील का?